घराले कुलूप लावून

नाचणगाव,
मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊस,

उज्वलाचा वाकून नमस्कार. नमस्कार आधीच करून टाकते, कारण पुढचं वाचून तू म्हणशीन, पोरगी लहान-मोठं विसरली. विसरली नाई. आम्ही दोघी मायलेकी खुशाल आहोत. मंजुषा वहिनीले नमस्कार, मयुरीले आशीर्वाद. धनतेरस जवळ आली, तुह्या भांड्याच्या दुकानात पाय ठेवाले जागा नसन, हे मले ठाऊक आहे. तरी सवड काढून वाचजो. वहिनीले वाचाले देऊन मोकळा होऊ नको.

पत्र काऊन लिहून राह्यली, फोन नाई का, असं वाटन तुले. फोनवर तू हॅलो म्हणतो अन् मंग तूच बोलतो. मी "पण भाऊ" म्हणेपर्यंत कोणाले तरी कढई पाहिजे असते. घरच्या ग्रुपवर लिहिलं असतं तर सगळ्याईनं हात जोडलेलं चित्र टाकलं असतं अन् गोष्ट तिथंच राह्यली असती. कागदावर मले कोणी मधात तोडत नाई.

इकडची खबर अशी. वांगे बरे लागले. पालक पावसानं सडला, पण सांभाराले, म्हणजे कोथिंबिरीले, यंदा भाव आहे, पुलगावच्या बाजारात जुडी हातात राहत नाई. म्हैस आटली आहे, म्हणजे दूध काढाचं झंझट नाई. हे मुद्दाम लिहून राह्यली, पुढं कामी येईन.

आईची तयारी जोरात चालू आहे. तुह्या पियुषनं रानीखेतच्या बँकेतून फोन करून तिले सगळं समजावलं. भाऊबीज झाली की सगळे या, एक दिवस आपण जंगलात चालू, सकाळी निघू, डबे वरतीच खाऊ, सांजेले खाली येऊ. आईनं पहिला प्रश्न काय विचारला असन? "तिथं देव कोणता आहे?" पियुष म्हणे, आजी, देव नाई, झाडं आहेत. आई म्हणे, झाडं तर आपल्या वावराच्या धुऱ्यावर आहेत, त्यासाठी दोन गाड्या बदलून काऊन या? तिचंही खरं आहे. आपल्या घरातलं कोणी देवाशिवाय डोंगर चढलं नाई. बाबा नागद्वारले गेलते, तेही नवस फेडाले. नुस्तं चालाले म्हणून कोणी चालते, हे तिले अजून पटलं नाई. तिनं पिशवीत नारळ टाकून ठेवला आहे. म्हणे, देव नसन तर एखाद्या मोठ्या झाडापुढं फोडीन.

जंगल चीडचं, म्हणजे पाइनच्या झाडाईचं आहे, हे पियुषनं हिंदीत सांगितलं, चीड का जंगल. आई फोन ठेवून माह्याकडं पाहत राह्यली. "बाई, जंगलाचं नाव चीड? तिथं गेल्यावर माणूस चिडते का?" मी म्हटलं, "बाकीच्याईचं माहीत नाई आई. मी इथूनच चिडून चालली." ती हसली. मंग हसता हसता थांबली, कारण मी चालली हे तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तूही आता ऐक. मी येऊन राह्यली.

तुहा तो ग्रुपवरचा आवाज मी परत परत ऐकला. "आईले हळूहळू थोडं चालवू, नाई जमलं तर खाली गेस्टहाउसात बसवू. अन् घराची चिंता नाई, उज्वला घरीच आहे. घरी कोणीतरी पाहिजेच." किती सहज बोलला रे. तुही चूक नाई, तोंडात बसलेलं वाक्य आहे ते. सिंदीले मामाच्या घरचं लग्न होतं तेव्हा घरी कोणीतरी पाहिजे होतं. पियुषले नागपूरले पदवी भेटली तेव्हा पाहिजे होतं. बाबाच्या अस्थी घेऊन सगळे गेले तेव्हाही पाहिजे होतं. ते कोणीतरी दर वेळेस मीच कशी निघते? इतक्या वर्षांत आपल्या घरात चोरी झाली नाई. नेण्यासारखी वस्तू एकच होती, ती मी, अन् मले कोणी नेत नाई.

आईचे गुडघे सांजेले पायरी चढताना कडकड वाजतात, ती चालणार. अन् मी रोज डोक्यावर भाजीचं टोपलं घेऊन बाजारात जाते, मी नाई चालणार. हा हिशोब मले समजावून सांग.

समजावशीन तू. परवा फोनवर समजावलंच. "उज्वला, तुले माहीत आहे काऊन." मले माहीत आहे. तुले माहीत आहे, आईले माहीत आहे, शेजारच्या कमलाबाईले माहीत आहे. अन् नाव कोणी घेत नाई. आपल्या घरात त्याले "ते" म्हणतात. उज्वलाले ते आलं. उज्वलाले ते परत आलं. जसा काही कोणी पाव्हणा आहे अन् त्याचं नाव घेतलं तर तो जेवाले थांबन.

मी दहावीत असताना पहिल्यांदा बाजारात पडली. शुद्धीवर आली तेव्हा नाकाले चप्पल लावलेली होती, बंडूजी सायकलवाल्याची. त्यानंतर जेव्हा जेव्हा पडली तेव्हा डोळे उघडले की आधी कोणाची तरी चप्पल दिसे. लोकाईच्या मनात वाईट नव्हतं, चपलेच्या वासानं उतरते असं सगळेच मानत. पण भाऊ, नाचणगावातल्या अर्ध्या लोकाईच्या चपला मी वासावरून ओळखीन. कोणी कांदा फोडून लावे. तो कांदा मी पिकवते, विकते, फोडणीत घालते. हुंगत नाई आता.

हिंगणघाटले माहं लग्न लावलं तेव्हा कोणी त्याईले सांगितलं नाई. आई म्हणे, लग्न झालं की आपोआप बरं होते. पोळ्याच्या दिवशी पाव्हण्याईसमोर मी पडली. तेव्हा चप्पल सासूची होती. आठवड्याच्या आत मी इथं परत. आम्हाले फसवलं, म्हणे. सगळे त्याईले शिव्या देत राह्यले, मी नाई दिल्या. फसवलंच होतं आपण. फक्त मले न विचारता.

आता नऊ वर्षांपासून गोळी चालू आहे अन् नऊ वर्षांत मी पडली नाई. हे तू विसरतो. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईले विचारून आली मी, डोंगरात चालू का म्हणून. त्या म्हणे, चाला, काऊन नाई. गोळी चुकवू नका, झोप पुरी करा, कडेच्या बाजूनं चालू नका, सोबत माणूस ठेवा. सोबत माणूस म्हणजे तुम्ही ना? का तिथं मी भाड्यानं माणूस आणू?

बूट घेतले. पांढरे, निळ्या पट्टीचे. पियुष म्हणे चीडच्या झाडाखाली पानं नाई पडत, सुया पडतात, वाळलेल्या, त्याच्यावरून चप्पल घसरते. म्हणून बूट. दुकानदार म्हणे, ताई, मुलासाठी का? मी म्हटलं, माह्यासाठी, अन् तिथंच घालून साडीवर घरी चालत आली. रस्त्यात गल्लीतले रूपरावजी भेटले, बूट पाहून म्हणे, पोलिसात लागली का बाई? मी म्हटलं, लागली, पहिले तुमच्याच घरी येते. आता रोज सांजेले ते घालून गावाबाहेर दूरवर चालून येते. लोकं हसतात. हसू दे. आजवर माह्या नाकाशी आलं ते दुसऱ्याईच्या पायातलं. हे माह्या पायातलं आहे.

आता जे तू सांगितलं नाई ते मी सांगते.

नीरज. पियुषच्या बँकेतला पोरगा, घरची माणसं सिंदी रेल्वेची, कापसाचे व्यापारी. त्याचे आईबाप त्या दिवशी आपल्यासोबत जंगलात चालणार आहेत, मयुरीले पाहाले. हे मले तू सांगितलं नाई, वहिनीनं सांगितलं नाई. मयुरीनं सांगितलं, इथं येऊन, माह्या मांडीवर डोकं ठेवून. मंग मले तुहं "घरी कोणीतरी पाहिजेच" सगळं समजलं. आत्या त्याईच्यासमोर पडली तर पोरीचं जमणार नाई, ही भीती आहे ना? मले राग आला, खरंच आला. पण तू बाप आहे, तुह्या पोटात भीती असन, तेही मले समजते.

पण ऐक. मयुरीनं नीरजले सांगून टाकलं आहे. माह्या आत्याले मिरगी आहे, ती गोळी घेते, ती माह्यासोबत येणार. मी नाई म्हणत होती तिले, तिनं ऐकलं नाई. पोरगी तुहीच आहे, हट्टी. नीरज म्हणे, आईबाबाले मी सांगतो. ते काय म्हणतीन मले माहीत नाई. नाईही म्हणतीन. म्हणू दे. लग्नाआधी नाई म्हटलं तर पोरगी दोन दिवस रडून उठून कामाले लागते. लग्नानंतर म्हटलं तर ती कशी परत येते, हे तू पुलगाव स्टेशनवर पाह्यलं आहे. मले घ्याले तूच आलता. माही ट्रंक तू खांद्यावर घेतली अन् नाचणगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाई. घरी आल्यावरही नाई. आजपर्यंत नाई.

जे माह्या लग्नात लपवलं ते मयुरीच्या लग्नात मी लपवू देणार नाई. अन् लपवाची वस्तू म्हणून मी घरात बसणार नाई. बस, एवढंच आहे.

बाकी बंदोबस्त झाला. वांगे अन् सांभार कमलाबाई तोडीन, विकीन अन् पैसे तिचे तीच ठेवीन. आटलेल्या म्हशीले चारा-पाणी रूपरावजी पाहतीन. माहं तिकीट मयुरीनं तुमच्याच डब्यात काढलं, खालचा बर्थ, झोप पुरी व्हावी म्हणून. जेवणाच्या डब्यात दशम्या, ठेचा अन् तिळाची चटणी मी आणीन. वहिनीले म्हणजो, तुम्ही फक्त गोड करा. आईले मी सांभाळीन. ती थकली तर तिच्यासोबत मी बसीन, पण मी आहे म्हणून तिले लवकर बसवजो नको.

अन् पडली तर? हे तू विचारशीनच, म्हणून लिहून ठेवते. पडली तर मले कुशीवर करजो. डोक्याखाली कोणाचा तरी स्वेटर ठेवजो. तोंडात चमचा कोंबजो नको, हातपाय धरजो नको, गर्दी करजो नको. थोड्या वेळात मी आपोआप शांत होते. लवकर नाई झाली तरच दवाखान्याची धावपळ करजो. चप्पल काढजो नको. नीरजच्या आईनं काढली तर तिले तू अडवजो, तू, माहा भाऊ म्हणून, मोठ्यानं. मंग मले पाणी देजो, बसू देजो. अन् मी उठली की आपण पुढं चालू. वापस फिराचं नाई. डबा जिथं उघडाचा ठरला आहे तिथंच उघडाचा.

भाऊबीजेले येतोच आहे तू. ओवाळीन. साडी आणजो नको. दुसऱ्या दिवशी सकाळी घराले कुलूप लावू अन् किल्ली कमलाबाईले देऊ. ते कुलूप तुह्या हातानं लावजो, मले पाहाचं आहे. अन् स्टेशनवरून येताना जे बोलला नव्हता ते बोलाचं असन तर त्या जंगलात बोलजो, चालता चालता. मी तुह्या बाजूनंच चालीन.

तुही बहीण,
मिरगीवाली उज्वला