पहिली लाथ

आई, बदलापुरातील एका इस्पितळाच्या बाकावर बसून तुला लिहीत आहे. समोरच्या बंद दारामागे माझ्या नातीचे पोट कापून मूल काढण्याची तयारी चालली आहे. मूल पायाळू आहे, माझ्यासारखेच.

ह्या पायाळूपणाचा मला आयुष्यभर अभिमान वाटला. जांभूळ गावातल्या आपल्या ओट्यावर उसण भरलेली माणसे माझ्यापुढे पालथी पडत आणि मी त्यांच्या कमरेला पाय लावीत असे. शाळा चौथीत सुटली, परंतु हा मान सुटला नाही. एकदा तू चुलीपुढे भाकरी थापीत होतीस. शेजारची काकू म्हणाली, "पोराच्या पायाला गुण आहे गो!" तू मान वर न करता म्हणालीस, "लोकांना गुण. पहिली लाथ मी खाल्लीय." सर्व हसले. मीही हसलो.

आज डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावून सांगितले. असे मूल कधीकधी बाहेरून हाताने फिरविता येते. हिचे पाणी गेले आहे, त्यामुळे आता ते जमत नाही. पायांकडून बाळंतपण होऊही शकते. "पण आजोबा, पाय येतात, धड येतं, आणि डोकं, जे सगळ्यांत मोठं, ते शेवटी. अडकलं तर हातात वेळच नसतो. म्हणून सिझर करू." मी ताठ बसून "समजले" म्हणालो. तेव्हापासून तुझी ती बाळंतपणाची अंधारी खोली डोळ्यांपुढून हलत नाही. माझे पाय बाहेर आहेत, डोके तुझ्यात आहे, आणि कापणारे तर सोडच, फिरविणारेही कोणी नाही. असे किती वेळ चालले, हे मी तुला कधी विचारले नाही. माझ्यानंतर तुला मूल झाले नाही. त्याचे कारणही आजच मनात आले.

नात आत जाताना हसत म्हणाली, "आजोबा, तुमच्यावरच गेलंय बघा! आता दोघं मिळून उसणीचं दुकान टाका."

मघाशी तिच्या सासूबाई कंबर धरून आल्या. "बसून बसून उसण भरली हो. तुम्ही पायाळू ना? जरा पाय लावा की."

"येथे ते बरे दिसणार नाही," मी म्हणालो. त्यांना ते पटले.

हे पत्र कोठेही जाणार नाही, म्हणून तुला सांगतो. बरे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. माझे पाय थरथरत आहेत, आई. ते कोणाला दिसू नयेत म्हणून बाकाखाली ओढून घेतले आहेत.