जयाच्या गालावरची तीट

रविवार, दिवेलागण

आज एलेनचा राग आला, आणि तो रास्तच होता. जयाला दत्तक घ्यायला परदेशातून आलेले एलेन आणि तिचा नवरा म्हणाले, मुलीचा मुलूख बघू या. म्हणून सारंगखेड्याची यात्रा ठरली. बालगृहातली मावशी म्हणून सोबत मीच. गाडीत बसताच एलेनने ओल्या कागदी रुमालाने जयाच्या गालावरची तीट पुसून टाकली. चार वर्षं रोज लावलेली माझी तीट! "ओ बाई, डाग नाही तो," मी म्हटलं. पण तिला कुठे कळतंय?

घोडेबाजारात एका पांढऱ्या घोडीच्या पायात काळा दोरा होता. मी एलेनला आधी तो दाखवला, मग जयाचा गाल, मग डोळे वटारले. घोडेवाला हसला. एलेन हसली नाही. तिने पर्समधून भुवयांची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

मी हात मागे घेतला. का घेतला? बरंच केलं. "आते यापुढे तूच लाव," खुणेनेच सांगितलं.

तिने तीट लावली. वेडीवाकडी, पण लावली.

तोच जयाने पेन्सिल हिसकावली, एलेनचं तोंड खाली ओढलं आणि तिच्या गालावर हा एवढा मोठा ठिपका काढला.

"हिलेबी नजर लागी जाई ना, मावशी!"

परत येईपर्यंत एलेनने तो ठिपका पुसला नाही. ओले रुमाल पर्समध्येच होते.

बालगृहाचे साहेब म्हणतात, कागद उद्या पुरे होतील. माझ्या लेखी आजच झाले. जयाने एलेनला दत्तक घेतलं.