भिंतीवरचं विमान

१ जून, सोमवार
राजनंदिनीला विमान कंपनीचं बोलावणं आलं. पायलट म्हणून घेतली, पण आधी ट्रेनिंग. दिल्लीच्या बाजूला, गुरुग्रामला. बावीस तारखेला हजर व्हायचं. पहिल्याच आठवड्यात परीक्षा, नापास झालं की घरी.
मी तिच्याबरोबर जाणार. ठरलं. पोरगी विमान चालवते पण दूध उतू घालवते. तिथं तिचं कोण बघणार? तिला अजून सांगितलं नाही. वेळ बघून सांगीन.
नंदू म्हणते, पायलट लोक सगळं लिहून ठेवतात. म्हणून आजपासून मीपण लिहिणार. रोज.

४ जून, गुरुवार
रोज जमलं नाही. गाय व्यायली.
नंदूनं बाहेरच्या खोलीत भिंतीवर विमानाच्या कॉकपिटचं चित्र चिकटवलं. खरं असतं तेवढं मोठं. नुसती बटणंच बटणं. समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. तिथं बसून बटणांवर हात फिरवायचा आणि तोंडानं बोलायचं. सवय होते म्हणे. एक बोलतो, दुसरा उत्तर देतो, म्हणून शेजारी माणूस लागतं. आधी हे बसले. बसल्या बसल्या घोरायला लागले. मग मी बसले. चौथीच शिकले तर काय झालं? नंदूनं सगळं मराठी अक्षरात लिहून दिलंय.
शेजारची छबूबाई दारातून डोकावून गेली. म्हणाली, मनकर्णे, घरातच इमानतळ काढलं का काय? तिला चहा विचारला नाही.

५ जून, शुक्रवार
विमानाला नारळ वाढवला. ट्रॅक्टर आला तेव्हा केलं, मग विमानानं काय घोडं मारलं? मोठ्या मोठ्या बटणांना हळदकुंकवाचं एकेक बोट लावलं. नंदू ओरडली, आई, इंजिनाच्या आगीचं बटणच दिसेना! म्हटलं, बरं झालं. ते दाबायची वेळच येऊ नये.

८ जून, सोमवार
आज लई भारी नियम कळला. विमान धावपट्टीवर पळत असतं तेव्हा मी म्हणायचं, हंड्रेड नॉट्स. म्हणजे एवढा वेग आला. नंदूनं म्हणायचं, चेक्ड. तिचं उत्तर आलं नाही तर मी परत म्हणायचं. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर समजायचं, शेजारच्याचं काहीतरी बिघडलंय. मग आपण म्हणायचं, आय हॅव कंट्रोल, आणि विमान आपल्या हातात घ्यायचं.
या घरात लग्न झाल्यापासून मी बोलते आणि कोणी चेक्ड म्हणत नाही. यांना सांगितलं, आजपासून तुम्हीही म्हणायचं. हे म्हणाले, कशाला? कंट्रोल तर तुझ्याकडंच हाय.

११ जून, गुरुवार
कागद लई लांबडा. तेच ते. हे झालं का? झालं. ते झालं का? झालं. पोरीला डोळे नाहीत का? इकडं धारा काढायची वेळ होते. मी मधल्या ओळी गाळते. उतरायच्या वेळचा कागद तर निम्म्यात उरकला. नंदू डोळे मिटून बोलते, तिच्या ध्यानात आलं नाही. केवढा वेळ वाचला. त्या कंपनीनं खरं तर मला शिकवायला ठेवलं पाहिजे.

१४ जून, रविवार
आज मोबाईलवर नंदूची तालीम झाली. पलीकडे तिच्याच बॅचचा हर्षल, नगरचा. त्याच्या ओळखीचे एक रिटायर कॅप्टन ऐकायला बसले होते. उतरताना, चाकं खाली का, असं विचारलं की, खाली, तीन हिरवे दिवे, असं म्हणायचं असतं. हर्षलनं विचारलं, पण नंदूनं सवयीनं पुढच्याच ओळीचं उत्तर दिलं. पुढं निघून गेली. कॅप्टन म्हणाले, बाई, तुम्ही विमान पोटावर उतरवलंत. परीक्षेत असं केलंत तर सरळ घरी.
ती ओळ मी गाळलेल्यातली. पण माझा काय संबंध? तो कॅप्टनच लई किरकिऱ्या.
नंदू रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता कागद मागून घेतला. म्हणाली, आई, आता हर्षल घेईल माझ्याकडून. तू आराम कर.
मला आराम कर म्हणते!

१७ जून, बुधवार
ठरवलं. नंदू झोपली की तिचा कागद घेऊन सगळा पाठ करायचा. एक ओळ गाळायची नाही. धार काढताना म्हणते. चाकं खाली का? गाय मान हलवते. हे म्हणाले, लाथ मारली की चेक्ड समज.
नंदूला म्हटलं, एकदा माझ्याबरोबर घे ना. एकदाच. म्हणाली, हर्षल लाईनवर आहे.
माझी बॅग भरली. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, छोटी शेगडी. पलंगाखाली सारली. उद्या नक्की सांगते.

१९ जून, शुक्रवार
सांगितलं नाही. नुसतं विचारलं, कंपनीनं खोली केवढी दिली? म्हणाली, मी आणि नाशिकची लीना, दोघींपुरती. असू दे. मला खाली झोपायची सवय आहे.

२० जून, शनिवार
शिर्डीचं विमानतळ. गेटवरच्या शिपायानं नंदूचं तिकीट बघितलं आणि मग माझ्यापुढे हात केला. नंदूनं माझी बॅग बघितली. आई, हे काय? म्हटलं, तुझंच सामान. ती म्हणाली, शेगडी विमानात नेऊ देत नाहीत गं. यांना तेवढंच पाहिजे होतं. म्हणाले, आरं, कॅप्टनला बी तिकीट लागतं व्हय?
म्हटलं, मला जायचंच नव्हतं. गायीचं कोण करणार?
नंदूनं गळ्यात हात टाकले. मी तिच्या कानात विचारलं, चाकं खाली का? म्हणाली, खाली, तीन हिरवे दिवे. मग आत गेली. मागं वळून बघितलं की नाही ते मला दिसलं नाही. काचेवर ऊन होतं.

२५ जून, गुरुवार
नंदूची परीक्षा. सकाळी फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. दोनदा झालं. यांना म्हटलं, गाडी काढा, गुरुग्रामला जायचं. हे म्हणाले, डिझेल कोल्हारच्या पुलापोतर हाय. तिथनं फुडं तू उडव.
दुपारी मेसेज आला. पास झाले. फोन बाहेर ठेवायला लावतात.
पास होणारच. तयारी कोणी करून घेतली? छबूबाईला मुद्दाम चहाला बोलावलं, सांगायला. ती म्हणाली, लई झाक झालं. मंग आता भिंत मोकळी कर की. म्हटलं, राहू दे. सुट्टीत आली की लागेल तिला.
संध्याकाळी खुर्चीत बसले. कागद न बघता सगळं म्हटलं, पहिल्या ओळीपासून. हंड्रेड नॉट्स. शेजारच्या खुर्चीवर यांचा टॉवेल. परत म्हटलं, मोठ्यानं. हंड्रेड नॉट्स. अंगणातून हे म्हणाले, जेवायला काय केलंय?
दोनदा झालं. नियम तो नियम. आय हॅव कंट्रोल म्हटलं आणि हात पुढे केला.
पण हात कशावर ठेवायचा ते नंदूलाच माहीत. मला नुसतं बोलायला शिकवलंय.