हे शहाणे ठरले

सोमवार, ३ मार्च

नाही झाली सही! खरेदीखत तयार, घेणारा तयार. शेजारचा कापडवाला बिचारा सकाळपासून नोंदणी कचेरीत ताटकळला होता. अधिकाऱ्याने ह्यांना एवढंच विचारलं, "काका, कशावर सही करताय?" हे म्हणाले, "पावतीवर. चष्मा गुरुवारी मिळेल." घोडं तिथेच अडलं. "काकू, ह्यांना कळत नाहीये. मी नोंद नाही करू शकत." त्याचं काही चुकलं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

चष्म्याचं दुकान ह्यांच्या एकट्याच्या नावावर. ते विकलं गेलं तरच विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या संस्थेत ह्यांना ठेवता येईल. तिथे दाराशी चोवीस तास माणूस असतो. इथे मी एकटी. परवा आंघोळीला गेले तेवढ्यात हे अनवाणी हमरस्त्यावर! ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले.

बुधवार, १२ मार्च

वकिलीणबाई म्हणतात, कोर्टाकडून ह्यांच्या पालक म्हणून स्वतःची नेमणूक करून घ्या, मग तुमची सही चालेल. म्हणजे आधी मीच सिद्ध करायचं की नवऱ्याला काही कळत नाही. "तसं स्पष्ट लिहावं लागेल हं, काकू." लिहा म्हटलं.

गुरुवार, १३ मार्च

लेकीचा फोन. "आई, बाबांना वेडं ठरवणार तू?" म्हटलं, तू ये, आठवडाभर सांभाळ त्यांना, मग मी अर्ज मागे घेते. रजा नाहीये म्हणाली.

बुधवार, २ एप्रिल

तारीख होती. पुढची तारीख मिळाली.

सोमवार, २१ एप्रिल

आज न्यायाधीशांनी ह्यांना आपल्या खोलीत बोलावलं. सकाळी ह्यांनी बिस्कीट समजून गोळ्यांची पट्टी चहात बुडवली होती. आणि तिथे? आत शिरताच, "या, बसा" — साहेबांनाच, त्यांच्याच खोलीत! साहेब हसले. मग हे म्हणाले, "डावी दांडी सैल झालीय. नाकावरून घसरत असेल." चष्मा मागून घेतला, रुमालाने पुसला, नखाने स्क्रू आवळला, साहेबांच्या डोळ्यांवर चढवून दिला. "आता बघा." साहेब खूश! नाव, धंदा, शाळा, सगळं ह्यांनी फडाफडा सांगितलं.

मी बाजूला बसून मनात घोकत होते — चुका हो! एकदा तरी चुका! किती दिवसांनी माणूस असा रुबाबात बोलत होता, आणि मी त्याच्या चुकीवर टपून बसलेले. शरम वाटली. खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "गिऱ्हाईक चांगलं होतं."

मंगळवार, ६ मे

अर्ज फेटाळला. "सदर व्यक्ती आपले व्यवहार समजण्यास सक्षम आहे." घ्या! कचेरीत ह्यांना कळत नाही म्हणून ह्यांची सही चालत नाही, कोर्टात कळतं म्हणून माझी चालत नाही. आता पाय तरी कुणाचे धरू?

वकिलीणबाईंनी निकाल घरी येऊन वाचून दाखवला, "अर्जदार पत्नी"पासून शेवटपर्यंत, ह्यांच्यासमोरच. हे मन लावून ऐकत होते. वरच्या कोर्टात जाता येईल म्हणाल्या, पण वर्ष-दोन वर्षं धरून चाला. कापडवाल्याने दुसरीकडे गाळा घेतला. संस्थेतली खोलीही गेली. मी हात टेकले. बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलंय, किल्ली माझ्या कमरेला. जेलरीण झालेय!

बुधवार, ७ मे

जेवण भरवत होते. ह्यांनी माझा हात धरला, दाराकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, तुमच्या ओळखीत कुणी वकील आहे का हो? माझी बायको मला वेडा ठरवायला निघालीय. तिला रागावू नका मात्र. स्वभावाने वाईट नाही ती... दमलीय."

बघते, म्हटलं.