मागचा लाल रंग

भिवंडी, १७ जानेवारी २०२५

प्रिय मेघाली,

दिवाळीत तू तुझ्या आईचा, म्हणजे काकींचा, शेतातला एखादा फोटो मागितलास आणि मी लगेच कळवलं, ढीगभर आहेत, पाठवते. त्यानंतर आज लिहिते आहे. मधल्या तुझ्या फोनना 'कामात आहे' एवढंच उत्तर दिलं, त्याबद्दल माफ कर. कामात नव्हते. आजही फोन करता आला असता, पण तू "असू दे गं" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते.

दापोड्याचं तुमचं शेत अजून आहे. तुझ्या भावाने, सागरने, ते गोडाऊनवाल्यांना द्यायचा शब्द दिलाय. वाल काढून झाले की भराव पडेल. तिन्ही बाजूंना निळे पत्रे उभे आहेत, कंटेनर बांधाला टेकतात. काकी मात्र रोज शेंगा खुडायला जातात. मी विचारलं तर म्हणाल्या, "शेत गेलं तर गेलं, शेंगा कशाला सोडू गो?"

कॉलेजच्या ऑफिसला सुट्टी असली की मी तिथे पक्षी टिपायला जाते, हे तुला माहीत आहे. बांधावरच्या काठीवर वेडा राघू येऊन बसतो. मी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवते. लहान ठेवलं तर मागचंही सगळं दिसायला लागतं. उघडं ठेवलं की पक्ष्याचं पीस न् पीस स्पष्ट येतं आणि मागचे पत्रे, तारा, कंटेनर विरघळून जातात. लोक विचारतात, हे कुठलं जंगल? मला ते आवडायचं.

पण हिरवा राघू हिरव्या वालापुढे उठून दिसत नाही. एकदा काकी लाल लुगड्यात मागून गेल्या आणि फोटो एकदम खुलला. मग मीच सांगू लागले, काकी, जरा तिथेच उभ्या राहा. त्या पाटी खाली ठेवायच्या, पदर सारखा करायच्या, केसांवरून हात फिरवायच्या. "बरी दिसतंय का गो बाय?" मी राघूवरची नजर न काढता "छान" म्हणायचे. एकदा म्हणाल्या, "पाखरू उडालं तरी माझा काढ हो, मी न्हाय उडत." मी हसले. राघू उडाला आणि मी कॅमेरा पिशवीत घातला.

तुझा निरोप आल्यावर सगळे फोटो पुन्हा उघडले. काकी कितीतरी फोटोंत आहेत, लाल डाग म्हणून. चेहरा एकातही नाही. पक्ष्यासाठी अ‍ॅपर्चर बरोबरच होतं, असं स्वतःला समजावून पाहिलं. पक्ष्यासाठी ते बरोबरच होतं.

परवा काकी भेटल्या. म्हणाल्या, "मीच सांगितलं मेघालीला, यामिनीकडं माझं लय फोटू हायेत, एक मागून घे. शेत न्हाय तर शेताचा फोटू तरी." त्यांना स्वतःचा फोटो हवा होता हे मला कळलंच नव्हतं, असं लिहायला बसले होते. पण त्या पदर सारखा करत होत्या, ते मला दिसत होतं. म्हणून हे पत्र. त्यांना तू काही बोलू नकोस. ते मलाच सांगायचं आहे.

तुझीच,
यामिनी

उद्या सकाळी: छोटी लेन्स, अ‍ॅपर्चर लहान, एफ अकरा. समोर काकी, मागे वाल, बांध, पत्रेसुद्धा स्पष्ट. राघू आला तरी काठीकडे बघायचं नाही.