अव्वा, येतो मी

नांदेड,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय तनुजाअक्का,

हरिओमचा नमस्कार. अव्वाला पाया पडतो म्हणून सांग. नको, सध्या नकोच सांगू.

मी बरा आहे. मधी हैदराबादला जाणार होतो, एका ट्रकवाल्याची ओळख निघाली, लई भारी माणूस, केबिनमध्ये पोपट पाळलाय. ते राहू दे.

तुझा मेसेज वाचला. अव्वा म्हणती मल्लूचा फोन आला, रोज त्याचं ताट वाढती, शुक्रवारी तिला लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडं न्यायलीस. त्याच्यावरच लिहायलोय. पण आधी सिनेमाचं.

तू विचारलं होतंस, अपघातात मल्लू गेला तरी निर्माते शेषेराव त्याचा सिनेमा का सोडीनात. मी विचारलं तर हसले. "हऱ्या, तिकिटातला टॅक्स जातो, उरल्यात अर्धं थेटरवाल्याचं, मग वितरक, मग पोस्टर. हाउसफुल झालं तरी निर्मात्याला चहापुरतं."

"मग करताव कशाला?"

"अनुदान मिळालं तर जीव वाचतो. पण पिक्चर पुरा पाहिजे. अर्धा पिक्चर भंगारात बी जात न्हाई, भंगाराला वजन तरी असतंय."

मल्लूचं शूटिंग अपघाताच्या आधीच संपलं होतं. आवाज तेवढा भरायचा राहिला. शेषेरावांनी बजेटमध्ये कॅमेरा धरला, जनरेटर धरला, मटणसुद्धा धरलं. आवाजाचं मागून पाहू म्हणले. म्हणून उदगीरच्या किल्ल्यातल्या सगळ्या सीनमध्ये मल्लू तोंड उघडतो आन जनरेटर घरघरतो.

तुमच्या चुलीपाशी बसून मी तुझ्या भावाची नक्कल करायचो, तू हसता हसता भाकरी करपवायचीस. ती नक्कल शेषेरावांना आठवली. फुकटातली.

विष्णुपुरीकडं एक खोली आहे, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पडद्यावर मल्लू ओठ हलवतो, मी बोलतो. आधी जमेना. मग जमलं. मग थांबेना. चहावाल्याला हाक मारली तरी मल्लूच बोलायला.

शेवटच्या सीनमध्ये पोरगा गाव सोडताना आईला म्हणतो, "अव्वा, येतो मी." तेवढं काही केल्या येईना. वाटलं, अव्वालाच विचारावं मल्लू कसा म्हणायचा. माझी बॅटरी संपलेली, साउंडवाल्याच्या फोनवरून लावला. "अव्वा" एवढंच म्हणलो.

"मल्लू? कुठं हायस रे? जेवलास का?"

हरिओम हाय म्हणायला तोंड उघडलं, अक्का. शप्पत.

"येतो मी," असं निघालं.

फोन ठेवून आत गेलो. एका टेकमध्ये ओके झालं. शेषेरावांचे डोळे भरले, म्हणले, आता लोक रडतील.

अव्वाला डॉक्टरकडं नेऊ नको. तिला भास झाला न्हाई. तिचे कान अजून धड आहेत, तिनं लेकराचा आवाज बरोबर ओळखला.

गुरुवारी उदगीरला येतो. समोर बसून सांगतो तिला. फक्त दारात मी काही बोलायच्या आत तू मोठ्यानं म्हण, हरिओम आलाय. मला बी ऐकू येऊ दे.

फोन का केला न्हाई ते कळलं असंल.

तुझा, आवाज सोडून बाकी सगळा,
हरिओम