जुनी कॅसेट चालणारं मशीन

ती. मोठ्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कंबर हल्ली परवानगी देत नाही). गुडघा कसा आहे, झोप लागते का, सूनबाई चहात साखर घालू देते की नाही, हे सगळं मी फोनवर विचारतेच, पण तुम्ही दर वेळी "बरं आहे गं" म्हणून फोन सूनबाईच्या हातात देता आणि ती मला हवापाणी विचारते. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र निदान मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. कपड्यांची कामं येतात, पँटी लांड्या करून देते, चेन बदलून देते. संध्याकाळी मशीन बंद केलं की मग घर फार मोठं वाटतं, बाकी काही तक्रार नाही.

पत्रास कारण की मी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेतलंय. हसू नका, निदान सूनबाईसमोर तरी नको, नाहीतर तुम्हाला सगळंच सांगावं लागेल. झालं असं की माळा आवरताना तुमच्या ढब्बूच्या जुन्या दप्तरात ती गेमची कॅसेट सापडली. ती हो, दोन गडी मनोरा चढतात ती! (मशीन केव्हाच भंगारात गेलं, तुमच्या चिरंजिवांनीच दिलं.) ढब्बू शाळेत, हे आणि भाऊजी कामावर, सासूबाई आतल्या खोलीत घोरतायत, आणि आपण दोघी टीव्हीचा आवाज बंद करून जमिनीवर. पाहुण्यांसमोर माझ्या हातच्या मिठावर बोट ठेवणाऱ्या तुम्ही, मला कोपराने ढोसून "उडी मार, मेले" म्हणायचात. एकदा ह्यांनी टीव्हीवर हात ठेवून विचारलं होतं, हा गरम कसा? तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, खिडकीतून ऊन येतं. त्या खिडकीतून आजतागायत ऊन आलेलं नाही. मी त्या दिवशी तुम्हाला मनापासून मानलं.

तर कॅसेट पर्समध्ये टाकून चौकातल्या दुकानात गेले. तिथला मुलगा दुकानातही टोपी घालून असतो, म्हणून मी त्याला टोपीवाला म्हणते. त्याने सांगितलं, काकू, हे छोटं मशीन न्या, यात जुने शेकडो गेम आतच भरलेत. घरी आणून बघते तर कॅसेट घालायला जागाच नाही. मला वाटलं खालून असेल, मागून असेल. शेवटी शिवणयंत्राचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडायच्या बेतात होते, पण आधी म्हटलं आपला गेम आतच असेल कदाचित. शेकडो म्हणजे काय, तर तोच एक पक्षी शेकडो रंगांत उडतो. मनोरा नाही, गडी नाहीत. दुसऱ्या दिवशी परत दिलं.

मग त्याने मोठं मशीन दाखवलं. नवंकोरं, काळं, भिंतीला टेकवून उभं केलं तर पाहुणे एअर प्युरिफायर समजतील असं. मी स्पष्ट विचारलं, यावर जुने गेम चालतात का? तो म्हणाला, म्हणजे काय, अगदी पाच-सहा वर्षांपूर्वीचेसुद्धा चालतात. अरे बाबा, माझ्या दारातलं पायपुसणं त्याहून जुनं आहे. पण त्याचं तोंड बघून मला नाही म्हणवेना, बघते म्हणून ट्रायलवर घेऊन आले. त्या मशीनने आधी माझी जन्मतारीख मागितली. वर्षांचा आकडा मागे नेता नेता अंगठा दुखून आला, आणि मशीनलाही वाटलं असावं की काहीतरी चुकतंय, कारण त्याने पुन्हा विचारलं, नक्की का? मग म्हणालं, नाव द्या. धाकटी लिहिलं तर म्हणे हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय. (ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, ते एक नाव तेवढं माझं होतं.) मग ते स्वतःला अपडेट करत बसलं. मी चार पँटी उलटून शिवल्या, इस्त्री केली, गिऱ्हाईक येऊन गेलं, तरी त्याचं चालूच. एवढ्या वेळात तुम्ही मनोरा दोनदा चढून वर मला टोमणा मारला असतात.

शेवटी तेही परत नेलं, तेव्हा टोपीवाल्यानेच हात टेकले आणि मला जुन्या सामानाच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी कॅसेट हातात घेतली, खालच्या पट्टीवर फूऽऽ केलं आणि एका जुनाट मशीनमध्ये खुपसली. जाऊबाई, तो मनोरा दिसल्यावर मी दुकानात खुर्चीवर बसलेच. दोन वायरवाले रिमोट, पांढऱ्याचं पिवळं झालेलं प्लास्टिक, सगळं तसंच. घासाघीस करायचीसुद्धा विसरले, यावरून काय ते समजा.

घरी येऊन जोडलं, आवाज बंद केला (का केला, देव जाणे, झोपमोड व्हायला घरात आहे कोण). मशीनने विचारलं, एक खेळाडू की दोन? एक दाबलं तर निळा गडी आला. निळा तुमचा. मोठ्या जाऊबाईंचा गडी मी कसा घेणार, माझा लाल. आणि लाल तेव्हाच येतो जेव्हा खेळाडू दोन असतात. म्हणून दोन दाबलं. माझा लाल टणाटण उड्या मारत कडेपर्यंत गेला आणि तिथेच अडला, कारण दोघे कडेला पोचल्याशिवाय पुढचा मजला दिसतच नाही. हे मी विसरले होते. मग तुमचा रिमोट पायाखाली घेतला, म्हटलं आयुष्यभर पायाने शिवणयंत्र चालवलं, एक गडी चालवता येणार नाही? तुम्ही तीन वेळा खड्ड्यात पडलात, त्याबद्दल क्षमस्व. चौथ्या वेळी मी पाय काढून घेतला आणि बघत बसले. तुमचा निळा सुरुवातीलाच उभा, माझा लाल दुसऱ्या टोकाला. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं हो. ढब्बू तुम्हाला महिनाभरासाठी म्हणून घेऊन गेला, त्याला आता दुसरं वर्ष लागलंय, आणि विचारलं की तुम्ही म्हणता पुढच्या महिन्यात बघू. तुमची खोली मी झाडते, गादी उन्हात टाकते, परत घालते. चहा अजून दोन कप होतो. दुसरा कप रागाने पिते.

असो. ढब्बूला आशीर्वाद, सूनबाईला सांगा माझं बरं चाललंय. मोठ्यांना आणखी काय लिहायचं. तुमची धाकटी,

(सही करत नाही, अक्षर ओळखालच.)

ता. क. म्हातारबुवा म्हणालेत, मशीन आवडलं नाही तर महिनाअखेरपर्यंत परत घेईन. तेव्हा ठेवू की देऊ, एवढंच कळवा. माझा काही हट्ट नाही.

ता. ता. क. हट्ट आहे. या महिन्यात या. गुडघ्याची सबब सांगू नका, गेम बसूनच खेळायचा असतो. आता जमिनीवर बसायचं नाही, मी दोन खुर्च्या टीव्हीसमोर मांडून ठेवल्यात.

आणखी एक, हे ढब्बूला वाचून दाखवू नका. टोपीवाल्याकडे तिसरं एक मशीन होतं. त्यावर आपला मनोरा चालतो, आणि तुम्ही तिथून, मी इथून, दोघींना एकत्र खेळता येतं, असं त्याने मला खेळून दाखवलं. चांगलं होतं. मी नको म्हटलं, तेव्हाच तर त्याने हात टेकले. ते घेतलं असतं, तर तुम्ही इथे कशाला आला असतात?